एकही मासा घरी न आणलेली काठी

मित्रांनो, मी एक जुनी गळकाठी आहे. ‘जुनी’ हा शब्द मी माझ्या तोंडाने म्हटला तर शोभतो, तुम्ही म्हणू नका.

डोंगरातल्या थंडगार ओढ्यांत ट्राउट नावाचा मासा असतो. दिसायला देखणा, चालीला नखरेल आणि स्वभावाने महासंशयी. त्याच्यासाठी आमच्या कुळीच्या काठ्या लागतात. गळाला गांडूळ टोचून काठावर पेंगत बसायचे, हे आमच्यात चालत नाही. आमच्यात पिसे, लोकर आणि दोरा बारीक आकड्याला गुंडाळून एक खोटी माशी बनवतात. मग काठीने दोरी हवेत मागेपुढे झुलवायची आणि ती माशी पाण्यावर अशी अलगद टेकवायची, की माशाला वाटावे, बिचारी चुकून पडली. एवढा खटाटोप एका माशाला फसवण्यासाठी. माणसे माणसांना फसवताना याच्या निम्मीसुद्धा मेहनत घेत नाहीत, असे मी पाहिले आहे.

माझा जन्म एका वाद्ये दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या खोलीत झाला. त्याने चांगला मुरलेला बांबू निवडला, उभा चिरला आणि त्याच्या सहा पट्ट्या काढल्या. प्रत्येक पट्टी रंध्याने तासून तासून तिकोनी केली आणि सहाही एकमेकींना चिकटवून त्यांची एक काठी केली. आज कुणी भिंग घेऊन बसले तरी सांधा सापडायचा नाही. एकत्र कुटुंब कसे असावे ते माझ्याकडे पाहून शिकावे. सहा जणी एकाच अंगात राहतात, आणि आजवर वाटणीची भाषा कुणी काढलेली नाही. मग त्याने मला रेशमी दोऱ्याने जागोजागी बांधले, दोरी जाण्यासाठी कड्या बसवल्या, मुठीला मऊ बूच लावले, मधोमध पितळी जोड दिला, म्हणजे प्रवासात माझे दोन तुकडे करता यावेत. शेवटी वार्निश. ते वाळेपर्यंत त्याने खोलीत कुणाला शिंकूसुद्धा दिले नाही. असे बाळंतपण माझे झाले. आताच्या त्या काळ्या, कारखान्यात शेकड्यांनी निघणाऱ्या काठ्यांना विचारा, त्यांना आई-बाप तरी आठवतात का.

मला घेतले एका तरुण घड्याळजीने. गल्लीच्या तोंडाशी त्याचे अरुंद दुकान होते. भिंतीभर घड्याळे आणि प्रत्येकाची वेळ वेगळी. मागे दोन खोल्यांचे घर. मी तिथे राहायला गेले आणि पुढल्याच वर्षी त्याचे लग्न झाले. म्हणजे या घरात मी आधी आले, मालकीणबाई नंतर आल्या. पण हा मोठेपणा त्यांनी मला एक दिवसही दिला नाही. माझे नावही त्या घेत नसत. “तुमची ती” म्हणत. “तुमची ती दारात आडवी पडलीय, उचला तिला.” मालकीणबाईंची जीभ तिखट, मान ताठ, आणि घरातली प्रत्येक वस्तू त्यांच्या हुकमात. माझाही स्वभाव असाच. दोन अशा बायका एका छपराखाली म्हटल्यावर पटायचे कसे?

दर रविवारी पहाटेची गाडी पकडून मालक मला डोंगरात घेऊन जात. शेवटच्या थांब्यापासून चढण, मग खडकांतून खळाळत येणारा ओढा. गुडघाभर पाण्यात उभे राहायचे, तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला, कारण मासेही तिकडेच तोंड करून उभे असतात आणि मागून आलेला माणूस त्यांना दिसत नाही. मालकांची फेक म्हणाल तर बघत राहावी अशी. दोरी मागे उलगडायची, पुढे उलगडायची आणि माशी पाण्यावर उतरायची ती पापणी मिटावी तशी.

आणि माशासुद्धा कशा! डोळ्याला भिंग लावून घड्याळाचे चिमुकले स्क्रू फिरवणारी ती बोटे. त्यांनी बांधलेल्या माशीला सहा पाय असत, दोन मिशा असत, आणि मला तर वाटते, चेहऱ्यावर भावही असत. त्यासाठी लागणारी तपकिरी केसाळ लोकर ते मालकीणबाईंच्या हिवाळी कोटाच्या कॉलरवरून गुपचूप कातरून घेत. कॉलर वर्षावर्षाला झिजत चालली. मालकीणबाईंना वाटे, कसर लागली. त्यांनी कपाटात डांबरगोळ्यांची रास घातली, शेजारणींना सावध केले, शेवटी कपाट विकणाऱ्याच्या दुकानात जाऊन त्याला चार माणसांत बोलून आल्या. मालक तेव्हा भिंग डोळ्याला लावून खाली मान घालून बसले होते. त्या दिवशी त्यांनी एक बंद घड्याळ इतके मन लावून दुरुस्त केले, की ते वेळेच्याही पुढे चालायला लागले.

एवढे सगळे असून मासा मात्र नाही.

मित्रांनो, लपवून काय करू? माझ्या सगळ्या उमेदीच्या काळात मालकांनी माझ्याकरवी झुडपे पकडली, स्वतःची टोपी पकडली, दोनदा स्वतःचाच कान पकडला. मासा एकही नाही. मासे माशीवर येत नसत असे नाही. खुशाल येत. तोंड उघडून माशी घेत. पण माशाने माशी घेतली, की क्षणात काठीला हिसका द्यावा लागतो, तेव्हा आकडा रुततो. आणि हिसका देणे मालकांच्या हाताला ठाऊकच नव्हते. आयुष्यभर ज्या हाताने केसाएवढी स्प्रिंग उचलली, तो हात मला असा सावकाश उचलायचा, की आतमध्ये जणू कुणाचे घड्याळ आहे. तेवढ्यात मासा माशी चघळायचा, खोटी आहे हे ओळखायचा, थुंकायचा आणि निघून जायचा. जाताना माझ्याकडे पाहायचा तो असा, की माझी मान खाली.

संध्याकाळी गल्लीत शिरताना लोक विचारत, आज काय? मालक म्हणत, लागले होते दोन-तीन, सोडून दिले. पाठीवरची वेताची टोपली रिकामी असे, पण चेहरा दयाळू माणसाचा. गल्लीने त्यांचे नाव ‘सोडूनदिले’ ठेवले. मालकांना ते नाव आवडायचे, असा मला दाट संशय आहे.

मालकीणबाई यावर घरात फक्त नाक मुरडत. पण माझी शोभा करायची संधी त्या दवडत नसत. हिवाळ्यात ओढा गोठायला आला, की माझ्या वरच्या अर्ध्या अंगाला चिंधी बांधून त्या छताची जळमटे काढत. खालच्या अर्ध्याला एके वर्षी चक्क खिडकीचा पडदा अडकवला होता. रेशमी बांधणीची, वाद्यांच्या घरात जन्मलेली मी, आणि माझ्या अंगावर निळ्या फुलांचा पडदा. मी तो हिवाळा कसा काढला ते मला माहीत.

अशी वर्षे गेली. लेक मोठी झाली, लग्न होऊन सासरी गेली. मालकांच्या गुडघ्यांनी कुरकुर सुरू केली. एका रविवारी ते शेवाळावरून घसरले आणि कमरेपर्यंत भिजून, लंगडत घरी आले. मालकीणबाईंनी गरम पाणी दिले, अंगावर पांघरूण घातले, आणि मग बोलायला उभ्या राहिल्या. त्यांनी फार लांबण लावली नाही. या हंगामात एक तरी मासा या घरात आला पाहिजे, म्हणाल्या. नाही आला तर रविवार बंद, आणि तुमची ती परसातल्या टोमॅटोच्या वाफ्यात आधाराला.

मालकांनी पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतले. त्यांना दुसरा छंद नव्हता, पत्ते नव्हते, मित्रांचा अड्डा नव्हता. सहा दिवस ते भिंगातून चिमटीएवढे जग पाहत आणि सातव्या दिवशी मान वर करत. तो सातवा दिवसच आता पणाला लागला होता. माझे म्हणाल, तर मी टोमॅटो पाहिलेले होते. त्यांचा सहवास मला मंजूर नव्हता.

हंगाम सरत आला. टोपली रिकामीच. आणि शेवटच्या आठवड्यांत व्याही पाहुणे म्हणून आले.

व्याही दातांचे डॉक्टर. सधन, गोरेगोमटे, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत न पाहता दातांत पाहणारे. त्यांनीही हल्लीच माशांचा नाद लावून घेतला होता. त्यांची काठी काळी, चकचकीत. अंगात बिनबाह्यांचे जाकीट, त्याला इतके खिसे, की वस्तू शोधता शोधता हंगाम संपावा. जेवताना त्यांनी आपल्या माशांच्या हकिकती सुरू केल्या. प्रत्येक मासा आधीच्यापेक्षा वीतभर मोठा. मग त्यांची नजर खुंटीवरच्या रिकाम्या टोपलीकडे गेली. ते हसले आणि म्हणाले, चालायचेच, डोंगरातली हवा तर मिळते ना.

मित्रांनो, मालकांना टाकून बोलायचा हक्क त्या घरात एकाच व्यक्तीला होता. मालकीणबाईंनी वाढता वाढता डाव खाली ठेवला.

“व्याहीबुवा, यांना मासे मिळत नाहीत असं वाटलं का तुम्हाला? ढिगांनी मिळतात. पण हे सोडून देतात. जीव मारून टोपली भरायची, हे यांच्यात बसत नाही.”

लेकीच्या सासऱ्याच्या टोपलीवर हे सरळ शिंतोडे होते. व्याह्यांनी रुमालाने तोंड पुसले आणि म्हणाले, मग उद्याच जाऊ या. अशी कला एकदा डोळ्यांनी पाहिलीच पाहिजे.

जेवणे झाल्यावर स्वयंपाकघरात नवराबायकोची कुजबुज झाली. मी दाराआडच उभी होते.

“अगं, काय बोलून बसलीस तू हे?”

“मग काय, खरं सांगू त्यांना?”

“खरं म्हणजे?”

“म्हणजे तुम्हाला एकही मासा मिळालेला नाही ते.”

मालक थिजलेच. “तुला माहीत होतं?”

“तुमचे कपडे कोण धुतं? इतक्या वर्षांत एकदा तरी माशाचा वास आला का त्यांना?” असे म्हणून त्यांनी ताटे घासायला घेतली. “उद्या मीही येणार आहे. तुम्हाला एकटं सोडलं तर टोपीच धरून आणाल.”

दुसऱ्या दिवशी आम्ही डोंगरात. मालकीणबाई प्रथमच. हातात पिशवी, पायांत रोजच्या चपला, डोक्याला रुमाल. चढणभर त्यांनी दगडांना, काट्यांना, ओढ्याच्या आवाजाला नावे ठेवली. मग एका सपाट खडकावर बैठक मारली आणि दळणाला बसलेली बाई गिरणीवाल्याकडे पाहते तशा त्या पाण्याकडे पाहू लागल्या.

व्याही वरच्या डोहावर गेले. त्यांची पहिली फेक झाडाने घेतली, दुसरी त्यांच्या जाकिटाने. पण खोटे कशाला बोलू, थोड्या वेळाने त्यांना बोटाएवढा लांब एक मासा मिळाला. तो त्यांनी टोपलीत टाकला आणि तिथूनच ओरडून कळवले. मग काठी बगलेत मारून ते आमच्या डोहाकडे यायला निघाले. आता बघायला मोकळा आहे, म्हणाले.

मालकांच्या हातांना घाम सुटला होता. मला तो बुचाच्या मुठीत कळत होता. त्यांनी फेक केली. सुरेख. माशी उतरली, पाण्यावर एक गोल वलय उमटले, मासा वर आला. मालकांनी मला हळुवार उचलले. मासा गेला. दुसरी फेक. वलय. हळुवार. गेला.

तेव्हा काठावरून चपलांसकट पाण्यात पाय टाकल्याचा आवाज आला. मालकीणबाई मालकांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि दातांवर दात ठेवून बोलल्या.

“अहो, तो आला, त्यानं घेतलं, त्याला आवडलं नाही, तो थुंकला, तो घरी गेला. मग तुम्ही हात उचललात.”

“जपून उचलावं लागतं गं.”

“ते काय कुणाचं मनगटी घड्याळ आहे? परत टाका.”

व्याह्यांची पावले गोट्यांवर वाजू लागली होती. मालकांनी फेक केली. माशी एका खडकाच्या सावलीत उतरली आणि वाहत येऊ लागली.  पाणी जरासे फुगले, एक तपकिरी नाक वर आले, आणि त्याच क्षणी मालकीणबाईंनी मालकांचे कोपर दोन्ही हातांनी धरून, सतरंजी झटकतात तसा वर हिसका दिला.

आकडा रुतला.

मित्रांनो, पुढे जे झाले ते मला शब्दांत नीट सांगता यायचे नाही. मी वाकले. मुठीपासून शेंड्यापर्यंत, सहाच्या सहा पट्ट्यांसकट, धनुष्यासारखी वाकले. पाण्याखालून कुणीतरी जिवंत मला ओढत होते आणि मी त्याला ओढत होते. इतकी वर्षे मी स्वतःला ताठ मानेची म्हणून मिरवले, आणि माझा जन्म ज्यासाठी झाला ते काम ताठ राहण्याचे नव्हतेच. मला बनवणाऱ्या त्या माणसाने सगळी मेहनत या एका वाकण्यासाठी घेतली होती. मुठीजवळची दोरी गुंडाळायची चकरी किरकिरत फिरत होती. मालक कधी दोरी सोडत, कधी घेत. आता मात्र त्यांचा तो हलका हात कामी आला. दोरी जाड सुताएवढीही नव्हती, पण त्यांनी ती तुटू दिली नाही. मालकीणबाई मागून त्यांचा कमरपट्टा धरून उभ्या होत्या, मालकही वाहून जाऊ नयेत म्हणून.

मासा मालकांच्या हातजाळीत आला तेव्हा व्याही समोर येऊन पोचले. मासा चांगला हातभर. पाठ पिकल्या पानासारखी, अंगावर लाल ठिपके, पोट सोनेरी. 

मग मालकांनी टोपलीकडे पाहिले. त्यांच्या मनात काय चालले होते ते मला त्यांच्या तळव्यातून कळत होते. हा मासा घरी गेला, की रविवार वाचले. साऱ्या म्हातारपणाचे रविवार त्या जाळीत तडफडत होते. मालकीणबाईही माशाकडेच पाहत होत्या. त्या पाहण्यात संसारभराची भूक होती, हे मी बाई म्हणून सांगते. घरी त्यांनी मोठे भांडे घासून चुलीशेजारी ठेवलेले मी सकाळीच पाहिले होते.

व्याही हसून म्हणाले, “मग, विहीणबाई? सोडताय ना? की आज पहिल्यांदाच टोपलीत?”

मालकांनी बायकोकडे पाहिले. आयुष्यात त्यांनी काही मागितले नसेल, पण त्या नजरेत मागणे होते.

मालकीणबाईंनी पदर खोचला. मान जरा वर केली.

“सोडतात ते,” त्या म्हणाल्या. “नेहमीच सोडतात.”

मालक गुडघ्यांवर बसले. त्यांनी आधी हात पाण्यात बुडवून ओले केले, कारण कोरड्या हाताने माशाचे अंग सोलवटते. मग आकडा अलगद काढला. जो हात हिसक्याला निकामी होता तो या कामाला असा काही शोभला, की माशालाही कळले नसावे. त्याला पाण्यात धरून त्यांनी त्याचे तोंड प्रवाहाकडे केले आणि त्याचा श्वास बसेपर्यंत थांबले. मासा क्षणभर त्यांच्या हातांत तसाच राहिला. मग शेपटीचा एक फटका, आणि हातांत नुसते पाणी.

व्याही बराच वेळ तिकडे बघत होते. मग त्यांनी आपल्या टोपलीचे झाकण उघडले, आतल्या बोटाएवढ्या माशाकडे पाहिले आणि झाकण पुन्हा लावले. परतीच्या वाटेवर त्यांनी मालकांना विचारले, हात आधी ओले का करायचे. पहिल्यांदाच ते दातांकडे न पाहता बोलले.

उतारावर ते पुढे निघून गेल्यावर नवराबायको मागे राहिले. मालकीणबाईंच्या चपला पचपच वाजत होत्या. मालकांनी मला खांद्यावर घेतले होते, आणि मला ठाऊक होते, ते निरोप घेत आहेत.

“मासा काही घरी आला नाही,” ते हळूच म्हणाले.

मालकीणबाईंनी चालता चालता पदराचे ओले टोक पिळले.

“तो पाहुण्यांपुढचा होता,” मग त्या म्हणाल्या. “घरचा अजून यायचाय. पुढच्या रविवारी आणा. आणि मी येते मागे उभी राहायला. तुमच्या हाताचा मला भरवसा नाही.”

मालकांनी मला दुसऱ्या खांद्यावर घेतले. पहिला खांदा दुखत नव्हता, पण माणसाला कधी कधी काहीतरी करावे लागते.

त्यानंतर कितीतरी हंगाम झाले. मासा घरी आलेला नाही. कधी लागत नाही. कधी लागतो, पण काठावर नेमके कुणीतरी ओळखीचे उभे असते, आणि मालकीणबाईंना मान वर करावीच लागते. मागच्या महिन्यात तर काठावर कुणीच नव्हते, तरी त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि म्हणाल्या, सोडा, फार लहान आहे. तो मासा लहान नव्हता. पण मी काही बोलले नाही. आम्हा दोघींमध्ये आता बरे चालले आहे. त्या मला “ती” म्हणत नाहीत, “आपली काठी” म्हणतात. ओढ्यावरून आल्यावर मऊ फडक्याने पुसतातही त्याच, आणि पुसताना मालकांना बोलतात.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल तर तिला ओली तशीच पिशवीत कोंबू नका, वार्निश फुगते. भिंतीला टेकवून उन्हात उभी ठेवू नका, पाठ वाकडी होते. जळमटांसाठी झाडू असतो, पडद्यासाठी सळई असते. आणि फार मान देऊन काचेच्या कपाटातही ठेवू नका, तिथे आम्ही आतून वाळून मरतो. आम्हाला पाण्यावर न्या. काही मिळाले नाही तरी न्या. आमच्याकडून काय घरी आले, एवढ्यावरच आमची किंमत करू नका. आमच्यामुळे कोण कुणाच्या मागे पाण्यात उतरून उभे राहिले, तेही कधीतरी पाहा.

आता पुरे. बाहेर मालकीणबाई मालकांना हाका मारताहेत, गाडी चुकेल म्हणून, आणि मालकांना एक मोजा सापडत नाही. मला निघायला हवे.